हंसावर नवी पोस्टिंग: जॉइनिंग कार्ड घेऊन कुठे, कधी आणि कशासाठी जायचं

आयएनएस हंसा म्हणजे गोव्यात दाबोळीला असलेला नौदलाचा विमानतळ. पोस्टिंग ऑर्डरवर ‘हंसा’ दिसलं की चिल्काच्या नौदल प्रशिक्षणातून कोचीमार्गे निघालेल्या पोराच्या डोळ्यांपुढे मिग उभं राहतं आणि त्याच्या घरच्यांच्या डोळ्यांपुढे गोव्याचा समुद्र. दोन्ही आहे तिथे. पण पहिले पंधरा दिवस तुमची गाठ विमानांपेक्षा खिडक्यांशी जास्त पडणार आहे: आयकार्डाची खिडकी, पगाराची, रेशनची, क्वार्टरची. मी एअरक्राफ्ट हँडलर, म्हणजे जमिनीवर विमानं हलवणारा, म्हणून या तळावर दोन खेपा काढल्या. पहिल्या खेपेला जॉइनिंग कार्ड, म्हणजे प्रत्येक विभागाची सही घ्यायचं कार्ड, दीड दिवसात भरून आणलं आणि स्वतःवरच खूश झालो. पुढचे आठ महिने त्याच खिडक्यांवर हेलपाटे घातले. दुसऱ्या खेपेला चार दिवस लावले आणि परत जावं लागलं नाही. खाली लिहिलंय ते दुसऱ्या खेपेचं शहाणपण.

निघण्याआधी

जुन्या जागेवरून सुटताना कागदांची एकच पिशवी करा आणि ती सामानाच्या ट्रकमध्ये टाकू नका. मूव्हमेंट ऑर्डर, वैद्यकीय कागद, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, गॅस कनेक्शन ट्रान्सफरचा कागद, सामान नेणाऱ्या ट्रकची पावती, रेल्वेची तिकिटं. बदलीच्या अनुदानात मूळ पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळते, प्रवासाचे आणि सामानाचे पैसे वेगळे. पण क्लेम ६० दिवसांच्या आत द्यावा लागतो, आणि नवीन जागी दोन महिने कसे जातात ते कळत नाही. माझा एक क्लेम बुडता बुडता वाचला, कारण ट्रकची पावती मी आईच्या ट्रंकेत ‘नीट’ ठेवली होती आणि ट्रंक गावाला गेली होती.

मुंबई-कोकणाकडून येत असाल तर मांडवी, कोकणकन्या किंवा जनशताब्दीने मडगावला उतरा. पुणे, सातारा, सांगली, मिरजेकडच्यांना गोवा एक्सप्रेस सोयीची. ती लोंढ्याकडून घाट उतरून थेट वास्कोला येते आणि वास्को स्टेशनपासून दाबोळी चार-पाच किलोमीटरवर आहे. रिपोर्ट करायच्या दिवशीच पोचवणारं तिकीट काढू नका. पावसाळ्यात घाटात दरड आली की गाडी किती वेळ उभी राहील याचा भरवसा नाही. विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावरचा कोड बघावा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. जानेवारी २०२३ पासून गोव्याला दोन विमानतळ झालेत. चुकून मोपाला उतरलात तर तळाच्या दारात उतरण्याऐवजी पन्नासहून जास्त किलोमीटर लांब, पेडण्यात उभे असाल.

गेटवर

पहिली गोष्ट, तुम्ही जमिनीवर उभे असलात तरी नौदलाच्या लेखी जहाजावर आहात. आयएनएस म्हणजे ‘इंडियन नेव्हल शिप’, जहाज, मग ते विटांचं का असेना. म्हणून स्वयंपाकघर गॅली, संडास हेड्स, आणि संध्याकाळी वास्कोला भाजी आणायला जाणं म्हणजे ‘अशोअर’ जाणं. नवीन बायकोला हे समजावताना माझी पुरेवाट झाली होती, ती म्हणाली, “आपण किनाऱ्यावरच तर आहोत!”

सकाळी आठला कलर्स होतात. निशाण चढताना पाइप (नौदलाची शिट्टी) ऐकू आला की जिथे असाल तिथे निशाणाकडे तोंड करून सावधान. सायकलवर असाल तर उतरा. हे निशाण २ सप्टेंबर २०२२ पासूनचं नवं आहे, त्यावरचा अष्टकोन शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलाय. मराठी माणसाला उतरायचे कष्ट वाटू नयेत.

फोनचं आधीच विचारून घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये विशाखापट्टणमच्या हेरगिरी प्रकरणात नौसैनिक पकडले गेले, त्यानंतर जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि समाजमाध्यमांवर बंदी आली. कुठे फोन जमा करायचा, कुठे चालतो, हे गेटवरचा रेग्युलेटिंगवालाच, म्हणजे शिस्त सांभाळणाऱ्या विभागाचा माणूसच, सांगेल. रूममेटचं ऐकू नका. आणि घरच्यांनाही सांगा, विमानाशेजारचा फोटो मागू नका म्हणून. मिळाला नाही तर रुसतात, मिळाला तर आणखी वाईट.

जॉइनिंग कार्ड

रेग्युलेटिंग ऑफिसात नाव नोंदवलं की हे कार्ड हातात येतं. त्यावर विभागांची नावं आणि समोर सहीची जागा. बहुतेक पोरं ते शर्यतीसारखं पळवतात. सही करणाऱ्यालाही घाई असते, तो नाव बघून सही ठोकतो. तुम्ही मात्र प्रत्येक खिडकीवर तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: माझं इथे काय काम पडेल, तुम्ही कोणत्या वेळेला काम घेता, आणि कोणता कागद नसला की परत पाठवता. तिसऱ्या प्रश्नाने माझे सगळ्यांत जास्त दिवस वाचलेत.

सगळ्यांत आधी डिव्हिजनल ऑफिसरला भेटा, कार्डावर त्यांचं नाव शेवटी असलं तरी. नौदलात रजा, घर, कोर्स, घरची अडचण, काहीही मागायचं तर रिक्वेस्ट तुमच्या डीओच्या हातून वर जाते. त्यांना तुमचं लग्न झालंय का, आई-वडील आजारी आहेत का, धाकटी बहीण कुठे शिकते, हे माहीत असलं तर अडीअडचणीत रात्री दहालाही माणूस हलतो. लाजून ‘सब ठीक है सर’ म्हणणाऱ्यांचे हाल होतात. आपल्याकडच्या पोरांना ही सवय फार.

पगाराच्या कागदांत बारीक लक्ष घाला. तुमचा पगार इथे तयार होत नाही, तो मुंबईच्या नेव्हल पे ऑफिसात होतो, आणि तुमचं रेकॉर्ड मानखुर्दच्या ब्यूरो ऑफ सेलर्सकडे असतं. इथून तिथे बातमी जाते ती जेनफॉर्म नावाच्या कागदाने. लग्न झालं, मूल झालं, क्वार्टर मिळालं, क्वार्टर सोडलं, प्रत्येकाचा जेनफॉर्म निघायला हवा. तो निघाला का, नंबर काय, तारीख काय, हे वहीत असलं पाहिजे. क्वार्टर घेतल्याचा जेनफॉर्म अडकला तर घरभाडं भत्ता चालू राहतो, तुम्ही खूश होता, आणि वर्षभराने सगळा एकदम कापला जातो.

त्याच बसणीत नॉमिनीचं बघून घ्या: ग्रुप इन्शुरन्स, भविष्य निर्वाह निधी. लग्नाआधी आईचं नाव टाकलेलं असतं आणि नंतर कुणी बदलत नाही. अग्निवीरांनी तर हे नक्की करा. तुमचं विम्याचं ४८ लाखांचं कवच आहे आणि त्यासाठी तुमच्या खिशातून काही जात नाही, पण फॉर्मवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव एकसारखं हवं. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ यांत सरकारदरबारी फरक असतो.

सिक बेमध्ये (तळाच्या दवाखान्यात) रक्तगट आणि ॲलर्जी नोंदवून घ्या. मेस, गॅली, कपड्यांचं स्टोअर, लायब्ररी यांना फार वेळ लागत नाही. शाकाहारी असाल तर गॅलीत पहिल्याच दिवशी सांगा.

तळ वेगळा, स्क्वाड्रन वेगळं

नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. हंसा हा तळ आहे. विमानं स्क्वाड्रनची असतात. स्क्वाड्रनला स्वतःचा कमांडिंग ऑफिसर, स्वतःचं हँगर, स्वतःचं वेळापत्रक. तळ त्यांना धावपट्टी, टॉवर, हवामान, अग्निशमन, इंधन, जेवण आणि झोपायला जागा देतो. म्हणून स्क्वाड्रनवर पोस्टिंग असलं तरी कॅन्टीन, क्वार्टर, सिक बे यांसाठी तुम्हाला तळाकडेच यावं लागतं, आणि दोन्हीकडच्या नोटीस बोर्डांवर नजर ठेवावी लागते.

स्क्वाड्रनच्या आकड्यांत अर्थ असतो. ३००च्या घरातली लढाऊ किंवा गस्तीची, ५००च्या घरातली प्रशिक्षणाची. ३०० म्हणजे व्हाइट टायगर्स, सी हॉक आणि सी हॅरियरनंतर आता मिग-२९के. ३०३ म्हणजे ब्लॅक पँथर्स, तेही मिगवर, मे २०१३ पासून. ३१५ने इल्यूशिन-३८वर ४६ वर्षं काढली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती विमानं निवृत्त झाली. मार्च २०२२ मध्ये आलेलं ३१६, काँडर्स, पी-८आय ही गस्तीची विमानं उडवतं. शिवाय डॉर्नियर विमानं आणि कामोव्ह, ध्रुव ही हेलिकॉप्टरं. जेवणाच्या टेबलावर कुणी ‘मी तीनशे तीनचा’ म्हणाला तर तो खोली नंबर सांगत नाही.

तळ तरी मूळचा गोव्यातला कुठे आहे! हंसाची स्थापना ५ सप्टेंबर १९६१ला झाली ती कोइमतूरजवळच्या सुलूरला. तेव्हा दाबोळी पोर्तुगिजांकडे होतं. त्याच डिसेंबरात आपल्या कॅनबेरा विमानांनी इथली धावपट्टी फोडली, आणि १९६४ मध्ये हंसा इथे राहायला आला.

धावपट्टीकडे जाताना

इथे मात्र जरा सावकाश वाचा.

दाबोळीची एकच धावपट्टी नौदल आणि प्रवासी विमानं दोघं वापरतात. टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं, पण टॉवर नौदलाचा. तुम्ही गोव्याला सुट्टीला येताना ज्या विमानात बसता त्याला उतरायची परवानगी एक नौदल अधिकारीच देतो. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या उड्डाणांचे, म्हणून टार्मॅकवर (विमानं उभी राहतात त्या पक्क्या जागेवर) काम करणाऱ्यांचा दिवस फार लवकर सुरू होतो, आणि कार्यालयीन कामं त्यांनी दुपारीच ठेवावीत.

धावपट्टीला ०८ आणि २६ अशी दोन नावं आहेत, म्हणजे ८० अंश आणि २६० अंश. पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो तेव्हा विमानं २६ वर, पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. हे तुम्हाला का माहीत हवं? कारण आज कुठून विमान येणार हे माहीत नसलेला माणूस पेरिमीटर रोडवर भलत्याच दिशेला बघत चालतो. टॉवरची परवानगी घेतल्याशिवाय धावपट्टी ओलांडायची नाही, सायकलवरून नाही, ट्रॅक्टरवरून नाही, ‘समोर काहीच दिसत नाही’ म्हणूनही नाही.

सकाळचा पहिला धडा फॉडचा, म्हणजे विमानाला इजा करू शकणाऱ्या बारीकसारीक वस्तूंचा. एका ओळीत उभं राहायचं आणि मान खाली घालून टार्मॅकवरून चालत जायचं. खडा, तार, नट, वॉशर, पेनाचं टोपण, जे दिसेल ते उचलायचं. जेट इंजिन व्हॅक्यूम क्लीनरसारखं ओढून घेतं, आणि पाच रुपयांच्या वॉशरने कोट्यवधींचं इंजिन जातं. खिशात नाणी ठेवू नका. हत्यारांचा डबा बंद करण्याआधी मोजा. पाना कमी भरला तर ते सांगायला लाज नाही, न सांगणं हा गुन्हा. माझ्या एका सोबत्याने एकदा हरवलेल्या स्क्रूड्रायव्हरसाठी अख्खं उड्डाण थांबवलं. स्क्रूड्रायव्हर त्याच्याच बुटात निघाला. त्याला कुणी रागावलं नाही, चिडवलं मात्र वर्षभर.

विमान वर जातं तेव्हा किती विभाग त्याच्या मागे असतात हे समजायला १६ नोव्हेंबर २०१९चा दिवस घ्या. मिगचं प्रशिक्षण विमान पक्ष्यांच्या थव्यात सापडलं, एका इंजिनाला आग लागली, दुसरं विझलं. वैमानिकांनी विमान वस्तीपासून लांब वळवलं, ते वेर्ण्याजवळ कोसळलं, आणि दोघंही इजेक्ट होऊन वाचले. आता मागे जाऊन बघा. पक्षी हाकलणं हे रोजचं काम आहे, फटाके, बंदुका, गवत कापणं. हवामान विभागाने सकाळी वारा, ढग, दृश्यमानता सांगितलेली. सेफ्टी इक्विपमेंटवाले पॅराशूट, लाइफ जॅकेट, रबरी होडी तपासून ठेवतात. त्यांचं काम चाललं पाहिजे अशी प्रार्थना करायची आणि चालायची वेळ येऊ नये अशीही. टॉवरला रेडिओवर हाक. क्रॅश फायर टेंडर इंजिन चालू करून उभा. सिक बेची रुग्णवाहिका. यातला एकही विभाग ‘हवेतला’ नाही. नवीन पोरांना सेफ्टी इक्विपमेंट किंवा फायरची पोस्टिंग कमी दर्जाची वाटते. पॅराशूटच्या भरवशावर उडी मारलेल्या माणसाला जाऊन विचारा.

कान सांभाळा. इअर डिफेंडर गरम होतो म्हणून गळ्यात लटकवणारे मी बघितलेत. त्यांतले काही आता टीव्ही मोठ्याने लावतात.

तळाच्या एका बाजूला जमिनीवरच बांधलेली स्की-जंप दिसेल, विक्रमादित्यसारख्या विमानवाहू जहाजाच्या वर चढत गेलेल्या पुढच्या टोकाची हुबेहूब नक्कल. शेजारीच विमान अडवणाऱ्या तारा. सप्टेंबर २०१९ मध्ये नौदलाच्या तेजसने पहिल्यांदा तार पकडून थांबायला इथेच शिकून दाखवलं. लांबून बघा, कामाशिवाय जवळ जाऊ नका.

बिऱ्हाड

लग्न झालेल्यांना क्वार्टर मिळतं, पण यादीतून, आणि यादीत तुमचा नंबर अर्ज केल्यापासून लागतो. त्यामुळे अर्ज पहिल्या आठवड्यात, बायको तीन महिन्यांनी येणार असली तरी. नौदलाची मोठी वसाहत वास्कोच्या मांगोर टेकडीवर, वरुणापुरी. क्वार्टर ताब्यात घेताना एमईएसचा (सैन्यदलांच्या इमारतींची देखभाल करणाऱ्या खात्याचा) माणूस वस्तूंची यादी देतो: पंखे किती, ट्यूब किती, पडद्याच्या दांड्या किती. सही करण्याआधी प्रत्येक खोलीत जाऊन मोजा. तुटलेलं कमोडचं झाकण यादीत ‘चांगलं’ लिहिलं असेल तर सुटताना ते तुमच्या पगारातून चांगलं होईल. दुरुस्तीची तक्रार तोंडी सांगून उपयोग नाही, नोंदवून नंबर घ्या. गळतीची तक्रार मे महिन्यात करा. जूनच्या पहिल्या पावसानंतर सगळी वसाहत एकदम करते, आणि गोव्यात पावसाळ्यात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. कपाटात कापूर, चामड्याच्या बुटांना आठवड्याला ऊन, नाहीतर पांढरी बुरशी.

माशाचं काटं-कातडं पिशवीत बांधूनच टाका, गॅलरीतून मांजरीला फेकू नका. हे स्वच्छतेचं भाषण नाही. कचऱ्यावर घारी येतात, घारी धावपट्टीवर जातात. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत असा कचरा उघड्यावर टाकायला कायद्यानेच मनाई आहे.

मुलांसाठी मांगोरला नेव्ही चिल्ड्रन स्कूल आणि केंद्रीय विद्यालय, दोन्ही सीबीएसई. एका केव्हीतून दुसऱ्यात बदलीवर प्रवेश सोपा जातो. राज्य मंडळाच्या शाळेतून आणत असाल तर वर्ष संपायच्या आधीच चौकशी करा. मराठी सुटेल ही काळजी सगळ्यांना असते. गोव्यात ती त्या मानाने कमी: वास्कोत मराठी वर्तमानपत्रं मिळतात, श्रावणात दामोदराच्या भजनी सप्ताहात अख्खं गाव रात्रभर अभंग गातं. बाजारात मात्र दोन शब्द कोंकणीतले शिका, ‘कितलें?’ एवढ्याने सुद्धा भाव उतरतो.

औषधपाण्यासाठी बायको-मुलांची डिपेंडंट कार्डं लगेच काढा. साधं दुखणं सिक बे, पुढचं वास्कोचं नौदल रुग्णालय जीवंती, आणि मोठं असेल तर मुंबईचं अश्विनी. आई-वडिलांना आश्रित म्हणून लावायचं असेल तर उत्पन्नाचा दाखला गावाहूनच आणा. तहसीलदार कचेरीतून तो टपालाने मागवायचा अनुभव मी घेतलाय, तुम्ही घेऊ नका.

कॅन्टीनचं कार्ड वेगळं काढावं लागतं, किराणा आणि दारूचं. महिन्याच्या शेवटी स्टॉक मोजायला कॅन्टीन बंद असतं, तेव्हा साबण-तेल वीस तारखेच्या आत. मुंबईकर मेहुणा फ्रिज मागेल. तुमच्या नावावर त्याला घेऊन देणं नियमात बसत नाही. हे सांगणं अवघड जातं, मला मान्य आहे.

बायकांसाठी एनडब्ल्यूडब्ल्यूए, नौदलाच्या कुटुंबांची कल्याण संघटना. नाव वेल्फेअरचं असलं तरी तिथे जायचं ते ओळखीसाठी: कुणाकडे शिवणयंत्र आहे, कोणता दूधवाला पाणी घालतो, रात्री पोराला ताप आला आणि नवरा ड्यूटीवर असला तर कोणत्या दारावर थाप मारायची. माझी बायको पहिल्या सहा महिन्यांत एकदाही गेली नाही, नंतर तिथून घरी यायला मागेना.

आई-वडील भेटायला आले तर तळ दाखवता येणार नाही. त्यांना बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात न्या, सोमवार सोडून. तिथे सी हॅरियर आहे, अलिझे आहे, आणि बाहेर सुपर कॉन्स्टेलेशन नावाचं चार पंख्यांचं जुनं धूड आहे. माझ्या वडिलांनी ते बघून विचारलं होतं, “हे तू ढकलायचास?” मी हो म्हणालो. खोटं होतं, पण त्यांना किती बरं वाटलं.

सुटताना

बदली आली की पुन्हा तसंच कार्ड मिळतं, फक्त आता सगळे तुमच्याकडून घ्यायला बसलेले असतात. लायब्ररीचं पुस्तक, गाडीचा पास, स्टोअरचा ओव्हरऑल, मेसचं बिल. क्वार्टर सोडल्याचा जेनफॉर्म. आणि ती एमईएसची वस्तूंची यादी, जी तुम्ही घर घेताना झेरॉक्स काढून कपाटाच्या आतल्या दाराला चिकटवून ठेवायची आहे. माझी निघाली तेव्हा त्यावर बुरशी होती, पण ‘पडद्याच्या दांड्या: सहा’ स्पष्ट वाचता येत होतं. आलेला माणूस आठ म्हणत होता.